बाजार उठेपर्यंत

आमची कंपनी बोरखेडीला शनिवारी दुपारी पोचली. मे महिना होता. निमलष्करी दलाची कंपनी, त्यात आम्ही बायका नऊ. मुक्काम शाळेत. वर्गांतले बाक व्हरांड्यात काढले, फळ्यावर ड्यूटीची वाटणी लिहिली, टँकर आवारात लावून घेतला. संध्याकाळी गावातून फ्लॅग मार्च केला. दारं बंद होती आणि खिडक्या उघड्या होत्या.

माझी रँक कॉन्स्टेबल, वय तेवीस. मी तेलंगणातल्या याच आदिलाबाद जिल्ह्याची, बोरखेडीपासून चार गावं पलीकडची. स्वतःच्या जिल्ह्यात पोस्टिंग सहसा मिळत नाही. कंपनी जवळ होती, हुकूम आला, निघालो. कंपनी कमांडरनी मला बोलावून घेतलं. इथली बोली येते का, विचारलं. येते म्हटलं.

"तो कल चौक पर. टुडू के साथ. जो सुनो, उसे बताओ."

हेड कॉन्स्टेबल टुडू झारखंडचे. वय पंचेचाळीसच्या पुढे, बोलणं कमी. सेक्शन फॉलइन झालं की ते आधी प्रत्येकाची पाण्याची बाटली हलवून बघायचे, मग हत्यार.

आम्ही तिथं काऊन गेलो, ते सांगते. गावात ओढ्याच्या अलीकडे पेठ, पलीकडे वस्ती. पेठेत किराणावाले, कापडवाले, भाजी पिकवणारे माळी. वस्तीत बौद्ध घरं. एके काळी हीच माणसं पेठेच्या शेतांवर राबायची. आता त्यांची मुलं मास्तर आहेत, क्लार्क आहेत. हे पेठेतल्या बऱ्याच जणांना अजून पचलेलं नाही. एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक पेठेतून नेण्यावरून भांडण झालं. दगड पडले, डोकी फुटली. मग गाव कमिटीनं निकाल दिला: वस्तीला कोणी काही विकायचं नाही. जो घरकर्ता विकेल, त्याला दंड.

अशा कमिट्या आमच्या भागात गावोगाव आहेत. देवळाला रंग देतात, बोअर मारतात, आणि मनात आलं की माणसांचं मीठ बंद करतात. कायद्यानं हा गुन्हा आहे. गावात त्याला निकाल म्हणतात. मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलीत, शांतता समितीच्या बैठका झाल्या. खुर्च्यांवर सगळे पुरुष, दोन्हीकडचे. स्वागतगीत पोरींनी म्हटलं, चहा पोरींनी दिला. मग पोरींना घरी पाठवलं आणि शांततेची चर्चा सुरू झाली. निघालं काहीच नाही. वस्तीतली चक्की बंद, दूध बंद, ऑटोवाला वस्तीतल्या गरोदर बाईलाही बसवून घेईना.

रविवारी गावचा बाजार. आमचा सेक्शन सकाळी चौकात लागला. एका बाजूला ओढ्यावरचा पूल, दुसऱ्या बाजूला बाजार, मध्ये आम्ही आठ जण. जमावबंदी लागू होती. बाजाराला सूट, पण घोळका दिसला की पांगवायचा. ढाल, हेल्मेट, छातीवर बॉडी प्रोटेक्टर. नऊ वाजेपर्यंत हेल्मेटच्या आतून घाम डोळ्यांत उतरत होता.

तेवढ्यात पुलावरून एक मुलगी आली, पेठेतून दुसरी. चौकाच्या मधोमध भेटल्या आणि माझ्याकडे आल्या. पुलावरून आलेली करुणा, वस्तीतली, बी.एड. झालेली. पेठेतली वैष्णवी, डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. चौकातलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान तिच्या वडलांचं, गंगाधर शेठचं. दोघींनी मिळून गावात युवती मंडळ चालवलं होतं. संध्याकाळी कबड्डी, नंतर शाळेच्या व्हरांड्यात वाचन. दोन्हीकडच्या मुली यायच्या. निकाल लागला त्या दिवशी ते कमिटीनं बंद केलं.

करुणानं विचारलं, "ताई, घोळक्याले बंदी हाय. दोघी-दोघीनं बाजारात गेलं तं चालते?"

"कशासाठी?"

"सामान आनाले. एक पोरगी पेठेतली, एक वस्तीतली. अशा जोड्या."

"कोणी देणार नाही तुम्हाला."

"ते मले बी मालूम हाय. पन आमच्या वस्तीतले मानसं काठ्या काढून बसले हायेत. आज बाजारात घुसू म्हंतात. मी त्यायले म्हनलं, बाजार उठेपर्यंत थांबा. आमी सामान आनून दाखवतो. रिकाम्या हातानं आलो, तं मंग तुमचं तुमी पाहा."

"आणि रिकाम्या हातानं आलात तर?"

"तं मंग ह्या ढाली नीट धरजा, ताई."

मी शब्दन् शब्द टुडू साहेबांना सांगितला. त्यांनी पुलाकडे पाहिलं. पलीकडे लिंबाखाली माणसं बसलेली दिसत होती.

"दो में कोई मनाही नहीं," ते म्हणाले. "बोलो, दूरी रखकर चलें."

पहिली जोडी करुणा आणि वैष्णवीचीच. मागून पाच जोड्या, मध्ये अंतर ठेवून. पिशव्या रिकाम्या. बाजारातला गलबला जोडी पुढे सरकेल तसा गप्प होत गेला. भाजीवाल्या काकूनं वैष्णवीला वांगी मोजायला घेतली, करुणाला पाहिलं आणि तराजू खाली ठेवला. "तू घे बाई. पन थैली तुझी पाह्यजे." मसालावाल्यानं मान फिरवली. मोटरसायकलवर बसलेला एक पोरगा ओरडला, "कबड्डी कबड्डी करत जा ना वं."

वैष्णवी न थांबता म्हणाली, "मागच्या साली तुह्या बहिनीनं धरलं होतं तुले. आठवते का?"

आसपासचे हसले. सौदा मात्र कुणी केला नाही. बाजाराच्या दोन फेऱ्या झाल्या, पिशव्या तशाच. पुलाच्या पलीकडे बसलेली माणसं आता उभी राहिली होती.

बाराला आमची रिलीफ यायची होती. नवीन सेक्शनला वेगळा हुकूम होता. तो वायरलेसवर आम्ही ऐकला होता. चौक आणि बाजाराची वाट पूर्ण मोकळी करायची, फिरणाऱ्या पोरींना घरी पाठवायचं. मी टुडू साहेबांकडे पाहिलं.   पोरी घरी गेल्या की पुलापलीकडची माणसं काठ्या घेऊन निघणार, हे त्यांना दिसत होतं.

"नाका एक, कंट्रोल. रिलीफ निकल रही है. ओव्हर."

त्यांनी सेट तोंडाजवळ धरला. "कंट्रोल, नाका एक. स्थिति सामान्य. रिलीफ अभी ज़रूरत नहीं. बाज़ार उठने तक हम रुकेंगे. ओव्हर."

"नाका एक, पक्का?"

"पक्का. आऊट."

मग त्यांनी आम्हाला दोघा-दोघांना शाळेच्या भिंतीच्या सावलीत पाठवायला सुरुवात केली. पाणी प्या, हेल्मेट काढा, परत या. स्वतः गेले नाहीत. नाक्याचा कमांडर जागा सोडत नाही, एवढंच म्हणाले. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी कुत्रंही रस्त्यावर उभं राहत नाही.

आता राहिलं होतं कोपऱ्यावरचं दुकान. वैष्णवी आणि करुणा त्याच्या पायरीवर उभ्या राहिल्या. मी दहा पावलांवर होते.

"बाबा, पाच किलो तांदूळ, दोन किलो दाळ, मीठ, तेल."

गंगाधर शेठ गल्ल्यामागे बसले होते. "वैष्णवी, घरी जाय."

"काऊन?"

"मले गावात राह्याचं हाय."

"त्यायले बी गावातच राह्याचं हाय. मी आठ दिवसांपासून तुमाले विचारून राह्यली, तुमी उत्तर देत नाई. करुणा चार वर्षं आपल्या घरी जेवली. तवा कमिटी कुठं होती?"

 समोरच्या कापड दुकानातून, रसवंतीवरून, सगळीकडून लोक बघत होते. मग ते उठले, खांद्यावर टॉवेल टाकला आणि चपला शोधू लागले.

"मी जेवाले जातो," ते म्हणाले.

"बाजाराच्या दिवशी? तुमी तं पानी प्याले बी उठत नाई."

"आज भूक लागली. दुकानाकडं लक्ष दे." आणि रस्त्याकडे न बघता ते घराच्या दिशेनं चालते झाले.

वैष्णवी वर चढली. गल्ल्यामागे बसली, तराजू पुढे ओढला आणि करुणाला विचारलं, "बोल, काय पाह्यजे?"

बाजाराला समजायला वेळ लागला नाही. कमिटीचा निकाल घरकर्त्यावर होता. विकणारा हात घरकर्त्याचा असला तर दंड. पोरी दुकानात बसून विकतील, हा विचारच त्या बैठकीत कोणाच्या डोक्यात आला नव्हता. पोरींना त्यांनी माणसांत धरलंच नव्हतं, आणि त्या दिवशी ते त्यांच्याच अंगाशी आलं. मसालावाल्याला भूक लागली. कापडवाल्याला लागली. भाजीवाली काकू तिच्या घराची कर्ती होती; तिलाही पाणी प्यायला जायचं आठवलं आणि ढिगावर तिची सून बसली. अर्ध्या तासात बाजारातले बाप्ये जेवायला गेले आणि तराजूंमागे पोरी दिसायला लागल्या. पुलावरून पिशव्या पलीकडे जाऊ लागल्या. दोघी-दोघीनं, अंतर ठेवून.

कमिटीचा अध्यक्ष धावत आला. वैष्णवीसमोर उभा राहिला.

"कोन विकलं हे?"

"मी."

"बाप कुठं हाय तुहा?"

"जेवाले गेला, काका. तुमी जेवले का?"

त्यानं आमच्याकडे पाहिलं. "साहेब, हे काय चालू हाय?" मी भाषांतर केलं. टुडू साहेब म्हणाले, "बाज़ार चल रहा है. आप भी दो से ज़्यादा मत खड़े रहिए." त्याच्यामागे चौघे उभे होते. तो त्यांना घेऊन निघून गेला. पुलापलीकडची माणसं पुन्हा लिंबाखाली बसली. काठ्या कुठे गेल्या, मला दिसलं नाही.

दीडच्या सुमारास टुडू साहेबांनी विचारलं, "लड़कियाँ हो गईं?"

"नहीं सर. आख़िरी दो जोड़ियाँ अंदर हैं."

"ठीक है."

त्यांचा चेहरा कोरडा झाला होता. घाम थांबला होता. मी म्हटलं, सर, सावलीत चला. त्यांनी हातानं नको म्हटलं. शेवटची जोडी पूल ओलांडून गेली तेव्हा त्यांनी ढाल जमिनीवर टेकवली, तिच्यावर भार दिला, आणि ढालीसकट खाली गेले.

आम्ही प्रोटेक्टर कापून काढला. भाजीवाल्या काकूनं भाजीवरचं ओलं गोणपाट आणून त्यांच्या अंगावर टाकलं. वैष्णवीनं दुकानातला माठ आणला, करुणा पुलावरून धावत परत आली आणि दोघी त्यांच्या डोक्यावर पाणी ओतत राहिल्या. कंपनीची गाडी आली. आदिलाबादच्या वाटेवर ते दोनदा काहीतरी बोलले, संथालीत. गाडीत कोणालाच ती भाषा येत नव्हती. त्याच संध्याकाळी ते गेले.

पुढच्या आठवड्यात शांतता समिती बसली. निकाल मागे घेतल्याचं जाहीर झालं. फोटोत दोन्हीकडचे पुरुष हात मिळवताना दिसतात. वार्ताहरानं लिहिलं, वडीलधाऱ्यांच्या समजूतदारपणामुळे गावात सलोखा. करुणानं बोलायची परवानगी मागितली होती. वेळ कमी आहे, असं तिला सांगितलं गेलं. टुडू साहेबांचा उल्लेख एका ओळीत आला: उष्माघातानं जवानाचा मृत्यू. गोळी लागली असती तर पुतळा झाला असता. ऊन लागलं, म्हणून ओळ.

दोन वर्षांनी मी राजीनामा दिला. आता तलमडुगु मंडलात फिरते, गावोगाव युवती मंडळं उभी करते. करुणा शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर येते. मागणी साधी आहे. शांतता समितीत निम्म्या खुर्च्या पंचविशीच्या आतल्या मुलींना द्या. त्यांना गाणं म्हणायला बोलावू नका, बसायला बोलावा. सभेत कोणी विचारतो, पोरींना यातलं काय कळतं. मी बोरखेडीचा तो रविवार सांगते. 

टुडू साहेबांच्या घरी मी राजीनाम्यानंतर फोन केला. फोन त्यांच्या मुलीनं उचलला. दहावीला होती. मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, ऑफिसच्या कागदावर 'भीड़ नियंत्रण' लिहिलं आहे. पापा खरंच काय करत होते?

मी म्हटलं, "कुछ लड़कियाँ सौदा लेने निकली थीं. बाज़ार उठने तक तुम्हारे पापा उनके लिए खड़े रहे."

"सौदा मिला उनको?"

"मिला. नमक, तेल, सब."

"अच्छा," ती म्हणाली. मग आईला हाक मारून तिनं संथालीत काहीतरी सांगितलं, आणि पलीकडून आईनं तिला ते पुन्हा सांगायला लावलं.