हातचं राखून मागितलेलं पेटंट

पनवेलला माझं पेटंटचं छोटंसं ऑफिस होतं, तेव्हा करंजाड्याचे एक निवृत्त केमिस्ट माझे अशील होते. मी त्यांना सर म्हणायचे. माणूस भला, पण संशयी इतका, की चहात साखर किती घालू हे सांगतानाही कां-कूं करायचा. त्याला कारण होतं. तरुणपणी त्यांची एक पद्धत साहेबाने स्वतःच्या नावावर खपवली होती. आता एका तरी संयुगावर आपलं नाव लागावं, एवढंच त्यांना हवं होतं.

अर्जात सरांनी सात संयुगं बनवून दाखवली आणि हक्क मागितला त्या संयुगांच्या अख्ख्या खानदानावर, मिळत्याजुळत्या हजारो भावंडांसकट! पेटंट ऑफिसने विचारलं, बाकीची बनवायची कशी, ते लिहिलंय कुठे? अर्ज फेटाळला. आम्ही अपिलात गेलो. म्हटलं, अर्ज वाचून कोणालाही ती बनवता येतात, याचा पुरावाच देऊ. तळोज्याला केमिकल कंपनीत नोकरी करणाऱ्या माझ्या वर्गमित्राला नुसता अर्ज दिला आणि त्यावरून एक भावंड बनवायला सांगितलं. कुठलं, ते सरांनीच निवडलं.

त्याने आणलेल्या बाटलीत काळंकुट्ट डांबर होतं. मला रडू फुटायची वेळ आली, आणि सर खुदुखुदु हसतायत!

"जमणारच नाही त्याला! सगळं कोरडं ठेवा, असं मुद्दाम लिहिलंय. मी दोन थेंब पाणी घालतो."

मी कपाळावर हात मारला. "अहो सर, आपण भांडतोय कोणाच्या बाजूने?"

मग कळलं, हेच संयुग सगळ्यांत गुणकारी होतं. कोणी चोरेल म्हणून त्यांनी ते सातांत धरलंच नव्हतं, आणि खरंच चोरता येत नाही ना, हे बघायलाच माझ्या मित्राला दिलं होतं.

"बरं, मग लिहा आता पाणी."

"भरलेल्या अर्जात नवीन काही घालता येत नाही."

"अहो, पण दोनच थेंब!"

"दोन काय नि बादलीभर काय! सगळं सांगाल तर नाव लागेल, असा सौदा असतो हा."

त्यांचं हसू मावळलं. "म्हणजे याही वेळी माझं नाव नाही?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं. ते संयुग जुन्या अर्जात नावानिशी कुठेच उघड केलेलं नव्हतं, म्हणून त्याच्यापुरता नवा अर्ज करायचं ठरलं. सर सांगत गेले, मी लिहीत गेले.

"काही राहिलं नाही ना?"

"छे हो!" म्हणत ते जिना उतरले. खाली रिक्षा सुरू झाली आणि लगेच बंद झाली. सर धापा टाकत पुन्हा दारात.

"पाणी कोमट लागतं," ते म्हणाले.

मी लिहिलं. ते खुर्चीत बसले, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "आता मात्र माझ्याकडे काहीच उरलं नाही हो."