आण्णांचा डबा आणि आक्कांचा टेम्पो

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण घरात कुणी जुनी केस सांगा म्हटलं, की माझ्या तोंडी अगोदर येतो तो एका दुधाच्या टेम्पोचा तपास. नावं सांगणार नाही. ती माणसं आजही त्याच रस्त्यावर दूध घालतात.

कोल्हापूरबाहेरच्या एका ठाण्यात मी सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. एक बाई तरातरा आत आल्या आणि ठाणे अंमलदाराला ओलांडून थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या. राधानगरीकडच्या वाड्यांवरचं दूध गोळा करून शहरात आणायचा त्यांचा धंदा. एक टेम्पो आणि त्यावर एक जुना, विश्वासू ड्रायव्हर. तो त्यांना आक्का म्हणायचा.

आदल्या दिवशी चढावर टेम्पो अचानक बंद पडला, मागं घसरला आणि कठड्यावर आदळला. दूध रस्त्यावर गेलं, ड्रायव्हरचा हात मोडला. महिनाभर गाडी अशीच अधूनमधून बंद पडत होती.

"साहेब, घरच्या माणसागत वागवलं ह्याला," आक्का म्हणाल्या. "आणि ह्यानंच गाडीत काय तरी करून ठेवलंय. लिहून घ्या माझी तक्रार."

"कशावरून?"

"गाडीचा कॉम्प्युटर बदला म्हणून मागं लागलाय. तुला कसं कळलं म्हटलं, तर तोंड उघडत न्हाय."

अर्ज घेतला. संध्याकाळपर्यंत आमच्या एका खबऱ्याचा फोन आला. फाट्यावर त्याची चहाची गाडी होती. अपघाताच्या आधी त्यानं या ड्रायव्हरला दुसऱ्या एका दूधवाल्याबरोबर पाहिलं होतं. दोघांच्या गाड्या शेजारी लावलेल्या, बॉनेट उघडी, आणि टॉवेलात गुंडाळून काहीतरी इकडून तिकडं चाललेलं. दुसरा दूधवाला कोण, याची चौकशी केली तर तो आक्कांचा सख्खा थोरला भाऊ निघाला. सगळे त्यांना आण्णा म्हणत. वडिलांच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून दोघांत शब्द झाले आणि तेव्हापासून बोलणं बंद. धंदा एकच, गाडीही त्याच बनावटीची. हेतू समोर दिसत होता.

ड्रायव्हरला बोलावलं. हात प्लास्टरमध्ये, अंगावर इस्त्रीचा शर्ट. ठाण्यात येताना स्वच्छ कपडे घालणारा माणूस मी नेहमी नीट पाहतो. त्याला आपली अब्रू राखायची असते.

"आण्णांबरोबर गाडी उघडून काय करत होतास?"

"म्या काय बी वंगाळ केल्यालं न्हाय, साहेब."

"मग सांग की."

"शपथ घातलीया. वाडीच्या दत्ताची."

दटावून पाहिलं, चहा देऊन पाहिलं. शेवटी मी जबाबाचा कागद बाजूला सारला, तेव्हा त्यानंच विचारलं, "आक्कांच्या गाडीवर दुसरं कोण बसलंय का? त्याला सांगा, चढाला बंद पडली तर ब्रेक जड हुतोय. दोन्ही पायांनी दाबायचा. आणि इंजिन गार होऊ द्यायचं, मग चालू हुतंय."

गाडी बिघडवणारा माणूस पुढच्या ड्रायव्हरच्या जिवाची काळजी करत नाही. शिवाय बिघडवलेल्या गाडीत बसून तो स्वतः चढ चढत नाही. मी आण्णांना निरोप धाडला.

ते आले ते चढ्या आवाजातच. "त्याला सोडा आधी! शपथ म्या घातल्याली. आत टाकायचं तर मला टाका."

मग सगळं बाहेर आलं. गाडी तापली की बंद पडते आणि गार झाली की चालते, हे ड्रायव्हरच्या ध्यानात आलं होतं. इंजिनाला डिझेल कधी आणि किती सोडायचं हे ठरवणारा कॉम्प्युटरचा डबा गेला असावा, असा त्याला संशय. पण नवा डबा महाग. खात्री झाल्याशिवाय आक्कांना कसं सांगायचं? म्हणून तो आण्णांकडं गेला. आपल्या गाडीला सुट्टी होती त्या दिवशी त्यांनी तिचा डबा काढून दिला. डब्याची आणि किल्लीची जोडी असते, म्हणून किल्लीही दिली. तो बसवल्यावर आक्कांची गाडी दिवसभर कुठंही थांबली नाही. संध्याकाळी ज्याचा डबा त्याच्या गाडीत परत गेला.

"मग बहिणीला का सांगायचं नाही?"

आण्णांचा आवाज उतरला. "माझ्या डब्यानं कळलं म्हटल्यावर तिनं गाडी दारात कुजवली असती, पर डबा बदलला नसता."

सांगितलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. टेम्पो कळंब्याजवळच्या एका गॅरेजात नेला आणि सगळ्यांना बोलावलं. मेकॅनिकनं अगोदर बॅटरी, अर्थिंग, रिले, वायरी तपासल्या, सगळं ठीक. मग स्कॅनर जोडून इंजिन चालू केलं आणि केस वाळवायच्या यंत्रानं त्या डब्यावर गरम हवा सोडली. थोड्या वेळात इंजिन खोकलं आणि बंद पडलं. स्कॅनरलाही डब्याकडून उत्तर येईना. डबा गार केला, गाडी चालू. आण्णांचा डबा बसवून तीच गरम हवा दिली. इंजिन एकसारखं चालत राहिलं. जुना डबा उघडला तर कोपऱ्यात ओल शिरून आतले सांधे हिरवट झालेले. कुणाचा हात लागल्याची खूण नव्हती.

आक्का ड्रायव्हरजवळ गेल्या, त्याच्या प्लास्टरवर हात ठेवला. "लई दुखतंय का रं?" एवढंच विचारलं. तो गडी ठाण्यात रडला नव्हता, तिथं रडला.

नवा डबा पुण्याहून यायचा होता. आल्यावरही त्यात या गाडीचा प्रोग्रॅम भरायचा, डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचे क्रमांक घालायचे, किल्लीची ओळख करून द्यायची. काम दोन-चार दिवसांचं. तोवर वाड्यांवरचं दूध कोण आणणार? आण्णा बहिणीकडं न बघता ड्रायव्हरला म्हणाले, "तुझ्या मालकिणीला सांग, दोन्हीकडचं दूध माझ्या गाडीत मावतंय."

आक्काही त्यालाच म्हणाल्या, "ह्यांना सांग, वाटेत माझं घर लागतंय. उपाशी गाडी चालवायची न्हाय."

मधे उभा राहून ड्रायव्हर निरोप पोचवत होता. मेकॅनिक तोंड फिरवून हसला. मीही हसलो.

चौकशीत गप्प बसलेला माणूस स्वतःलाच वाचवत असतो, असं आम्ही धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण काही माणसं दुसऱ्याची माया झाकून ठेवण्यासाठी आळ अंगावर घेतात, आणि ते ओळखायला कुठलंच कलम शिकवत नाही. त्यासाठी माणूस काय लपवतो यापेक्षा, गप्प असतानाही कुणाची काळजी करतो, हे पाहावं लागतं.

पुढच्या आठवड्यात आक्का अर्ज मागं घ्यायला आल्या. आपसात मिटलं, असं अंमलदारानं लिहून घेतलं. वास्तविक आक्कांचं आणि ड्रायव्हरचं भांडण असं नव्हतंच. मी खिडकीतून पाहिलं. फाटकाबाहेर आण्णा टेम्पो चालू ठेवून थांबले होते आणि आतल्या बहिणीला मोठ्यानं हाका मारत होते, "चल की गं लवकर, दूध नासंल!"