किलोभर लॅपटॉप, मणभर सल्ले

आमच्या ऑफिसात कुणी काही विकत घ्यायचं म्हटलं, की झालंच! मिक्सर घ्या, गाडी घ्या, नाहीतर नुसती चप्पल घ्या, सल्ला द्यायला सगळे हजर. गच्चीवर पापड वाळत घातले की कावळे जमतात ना, तसे! आणि प्रत्येक सल्ल्याचा मागाहून एक किस्सा होतो. इतके साचलेत की आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं डोकं हलकं होणार नाही.

ऑफिस म्हणजे हिंगोलीतलं, हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या कंपनीचं. गावोगाव फिरायचं, कुणाच्या शेतात हळद कशी आहे ते बघायचं आणि कॉम्प्युटरवर भरायचं, हे आमचं काम. ऑफिसचा कॉम्प्युटर एकच, आणि तो माझ्या टेबलावर. त्यामुळे "मॅडमला त्यातलं कळतं" अशी माझी जिल्हाभर बदनामी झालेली आहे.

तर सुनीता राठोड. पुसेगावजवळच्या तांड्यावर राहते, आमच्याकडे रोजंदारीवर माहिती भरायला यायची. बोटं अशी चालायची की आमचं जुनं मशीन दमायचं! आमच्या पुण्याच्या मुख्य ऑफिसनं समन्वयकाची पक्की जागा काढली, तेव्हा मीच तिला म्हटलं, अर्ज कर. अटी दोनच. जिल्हाभर फिरायची तयारी पाहिजे, आणि लॅपटॉप स्वतःचा पाहिजे. मुलाखतसुद्धा ऑनलाइन, त्याच लॅपटॉपवरून.

सुनीता माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "मॅडम, मला एकदाच घेता येईल. चुकला तं दुसरा होणार न्हाई. एसटीत उभं राहून नेता आला पायजे, अन् गावात लाइट नसली तरी चालला पायजे. तुमीच सांगा कोनता घेऊ."

मी म्हटलं, "त्यात काय! लहान घे, हलका घे, बॅटरी दमदार घे. दोन मिनिटांचं काम."

कसलं दोन मिनिटांचं! अख्खा उन्हाळा गेला माझा.

* * *

पहिला आला गजानन. आमचा फील्डवरचा माणूस, कुरुंद्याकडची गावं त्याच्याकडे. लहान लॅपटॉप म्हटल्यावर त्यानं कपाळाला हात लावला.

"मॅडम, तेवढ्याच पैशात मोठा येऊन राहिला, मंग लहान काहून घ्यायचा?"

"अरे बाबा, तिला फिरायचंय."

"मंग म्या न्हाई का फिरून राहिलो?"

फिरतो ना, बघतो की आम्ही! गजाननचा लॅपटॉप म्हणजे जेवायला बसायचा पाट. धूळ लागू नये म्हणून तो त्याला चादरीत गुंडाळतो. मोटारसायकलवर पुढे गजानन, मागे वहिनी, आणि दोघांच्या मध्ये ते गाठोडं, वहिनींनी कवटाळून धरलेलं. एकदा वसमतच्या नाक्यावर पोलिसानं गाडी थांबवली. कागदपत्रं बघितली, ठीक होती. मग गाठोड्याकडे बघून वहिनींवरच खेकसला, "अहो बाई, लेकराचं तोंड तरी उघडं ठेवा! गुदमरंल की ते!"

बरं, त्याची बॅटरी कधीच मेलेली. जिथे प्लग दिसेल तिथे हा बसतो. एकदा कुरुंद्यात लाइट फक्त हळद दळायच्या गिरणीत होती, तर हा पठ्ठ्या गिरणीत जाऊन बसला. संध्याकाळी ऑफिसात आला तो भुवयांपासून बुटापर्यंत पिवळा!

मी म्हटलं, "काय गजानन, दुसऱ्यांदा बोहल्यावर चढलास का?"

"थट्टा राहू द्या मॅडम. बटन दाबलं की आतून हळद उडून राहिली."

आणि हा माणूस सुनीताला म्हणतो, माझ्यासारखाच घे!

* * *

गजाननला कसंबसं गप्प केलं, तर कांबळे सर सरसावले. आमचे अकाउंटंट. माणूस सज्जन, हिशोबाला चोख, पण एक खोड आहे. कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी ते मोबाइलवर तिचे सगळे व्हिडिओ बघतात. सगळे म्हणजे सगळे!

सुनीतासाठी त्यांनी दुपारची झोप सोडली. डबा खाताना कानात वायर, डोळे मोबाइलवर, भाजी शर्टावर. चार दिवसांनी उठून म्हणाले, "मिळाला! लहान, हलका, दिवसभर चालतो, परवडणारा आहे."

सुनीताचा चेहरा असा खुलला! मीही म्हटलं, सुटले बाई.

"पण आता घेऊ नका."

"का?"

"दिवाळीला याचंच नवीन मॉडेल येतंय. मग हा स्वस्त होईल."

"सर, मुलाखत दिवाळीच्या आधी आहे!"

"मग नवीन मॉडेलच्या वेळी मुलाखत आहे का बघा एखादी."

मी हात जोडले. गजानन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, यांचं मनावर घेऊ नका. यांच्या पोरीचं ऐकलं न्हाई का तुमी?"

कांबळे सरांची मुलगी दहावीला होती तेव्हा तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायचं ठरलं. सर नवीन मॉडेलची वाट बघत थांबले. मुलगी बारावी झाली, ग्रॅज्युएट झाली, नोकरीला लागली. मागच्या वर्षी तिचं लग्न झालं, आणि जावयानं पहिल्याच महिन्यात तिला लॅपटॉप आणून दिला.

सर म्हणाले, "घाई केली पोरानं!"

* * *

शेवटी वैतागून मीच सुनीताला घेऊन बाजारात गेले. एका दुकानात शिरलो. दुकानदार हसतमुख. "या ताई, या! बॅग फ्री, माऊस फ्री, वरून एक भिंतीवरचं घड्याळ फ्री."

मी म्हटलं, "घड्याळ राहू द्या. बॅटरी कशी आहे?"

"एकदम बराबर."

"किती वेळ चालते?"

"तुम्ही चालवलं नाही तर दोन दिवस हलत नाही."

मी सुनीताकडे बघितलं. ती तिकडे वेगळ्याच कामात! एक लॅपटॉप डाव्या हातावर घेतला होता, उजवा हात वर करून एसटीची दांडी धरावी तशी उभी होती, आणि मध्येच गुडघ्यात वाकून हिसके देत होती. दुकानदार घाबरला. "ताईंना काही तकलीफ आहे का?"

"ती सेनगाव रस्त्याला आहे आत्ता," मी म्हटलं. "खड्डे संपले की येईल."

सुनीता म्हणाली, "मॅडम, हात भरून येऊन राहिला. जड हाय ह्यो."

"जड? ताई, किलोभर आहे फक्त! लिहून देतो!" दुकानदारानं छाती पुढे काढली.

आता मात्र माझं टाळकं सरकलं. शेजारीच किराणा दुकान. मी लॅपटॉप उचलला आणि थेट तिथल्या काट्यावर नेऊन ठेवला. लॅपटॉपवाला मागे धावत, "मॅडम, अहो मॅडम!" काटा गेला पावणेदोनच्या पुढे. किराणावाल्यानं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली, काट्याकडे बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं आणि अगदी मनापासून विचारलं, "काय किलोनं दिला यानं?"

तिथून आम्ही रिकाम्या हातानं आलो. सुनीताला एसटीत बसवताना मला तिच्याकडे बघवेना. मुलाखत डोक्यावर येऊन ठेपलेली, आणि पोरीजवळ लॅपटॉपचा पत्ता नाही!

* * *

मग कांबळे सरांनी शोधलेलाच लॅपटॉप, त्यांना न सांगता, ऑनलाइन मागवला. पण कुरिअरवाला तांड्यावर यायला तयार नाही. "पुसेगावच्या स्टँडवर सोडतो, घ्यायचा तर घ्या." सुनीता त्या दिवशी सिद्धेश्वर गावाकडे कामाला गेलेली. तिनं फोनवर सांगितलं, स्टँडवरच्या बबनरावांच्या चहाच्या हॉटेलात द्या. आणि वरून मोबाइलवर आलेला ओटीपीचा नंबरही सांगितला!

संध्याकाळी ती धावतपळत पोचली, तर हॉटेलात ही गर्दी. मला वाटतं पुसेगावातला एकही गडी घरी नसावा. मध्यभागी टेबलावर सुनीताचा लॅपटॉप, उघडा, आणि त्यावर कबड्डीची मॅच चालू!

सुनीता रडकुंडीला आली. "बबनकाका, काहून उघडला हो तुमी?"

"अगं, माल बराबर हाय का बघाया नको? फुटकाबिटका निघाला असता तं?" बबनराव म्हणाले. "अन् हे बघ, काळजीच करू नको. बॅटरी लई दमदार हाय. आमी दुपारपासून दोन मॅचा पाह्यल्या, चार्जर अजून खोक्यातच हाय!"

दुसऱ्या दिवशी सुनीतानं तो ऑफिसात आणला. हलका, सुबक, तिच्या पर्समध्ये सुद्धा मावला. एका हातावर घेऊन ती ऑफिसभर फिरली. बबनरावांवर मी रागावले होते तरी मला हसू फुटलं, इतकी ती खूश होती. गजानन मात्र म्हणाला, "लेकराचं खेळणं आणलं तुमी." मग सुनीतानं बटण दाबलं आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आलं, "नमस्कार, बबनराव."

ते नाव काढायला मला अर्धा दिवस लागला.

* * *

मुलाखत रविवारी सकाळी, सुनीताच्या घरी. ऑफिसात नकोच म्हटलं मी. तिथे गजानन आणि कांबळे सर मागून उत्तरं सांगायला बसले असते! आदल्या संध्याकाळी मी स्वतः तांड्यावर जाऊन सगळं तपासलं. आवाज ठीक, चित्र ठीक.

सकाळी नेमकी लाइट गेली, पण आम्हाला आता लाइटची पर्वा नव्हती. लॅपटॉप चालू केला, मोबाइलचं नेट जोडलं, पुण्याचे तीन साहेब स्क्रीनवर आले. दारात सुनीताच्या सासूबाई, शेवंताबाई, चौकटीला टेकून उभ्या. नवरा कामानिमित्त बाहेरगावी, त्यामुळे घरात शब्द त्यांचाच.

मधले साहेब म्हणाले, "सुनीताताई, आवाज येतोय, पण चेहरा दिसत नाही. सगळा काळोख आहे."

मी ही बटणं दाब, ती बटणं दाब, बंद कर, चालू कर. काळोख तो काळोख. कालपर्यंत धडधाकट होतं की हो हे! साहेब म्हणाले, "असू द्या, तोवर बोलू आपण." सुनीता बोलली, आणि काय बोलली! कुठल्या गावात कुणाची हळद, कुठे कंदाला कीड, कुठे पाणी कमी, सगळं तोंडपाठ. साहेब नुसते "वा, वा" करत होते.

मग म्हणाले, "काम आवडलं तुमचं. पण चेहरा बघितल्याशिवाय आम्हाला निवड करता येत नाही. आणि एक शेवटचं. फिरतीची नोकरी आहे, कधी मुक्काम पडेल. घरच्यांची काही हरकत नाही ना?"

सुनीतानं घरी हे विचारलंच नव्हतं, धीर झाला नव्हता. ती खाली बघत राहिली. मी शेवंताबाईंकडे बघायचं टाळलं आणि नुसतीच बटणं दाबत बसले. चिडून म्हटलं, "कॅमेराच गेला वाटतं याचा!"

दारातून आवाज आला, "कॅमेरा म्हंजी कोनता? वरचा त्यो बारका डोळा?"

"हो."

"त्याला म्याच काजळ लावलं सकाळी. सारा तांडा येऊन बघून गेला, नजर लागंल न्हाई का?"

मी कपाळ बडवून घ्यायच्या आत शेवंताबाई पुढे आल्या, सुनीताला बाजूला सारलं, ओढणीचं टोक तोंडात ओलं केलं आणि कॅमेरा खसाखसा पुसला. स्क्रीनवर त्यांचा अख्खा चेहरा आला, कपाळावरच्या गोंदणासकट!

साहेब दचकले. "सुनीता राठोड आपणच का?"

"न्हाई, म्या तिची सासू. तुमीच इचारून राहिले ना, घरच्यांची हरकत हाय का म्हून?"

"हो, म्हणजे..."

"तुमी नोकरीला लागले, तवा तुमच्या सासूला इचारलं व्हतं का कुनी?"

साहेबांनी आजूबाजूच्या दोघांकडे बघितलं. "नाही."

"मंग मला काहून इचारता?"

मागून डोकावणाऱ्या सुनीताकडे बघून साहेब म्हणाले, "सुनीताताई, उद्याच रुजू व्हा."