नव्व्याण्णवला दोनदा

“डोंगरातली पोरं झाडं मोजतात, आकडे नाही,” संचालक म्हणाले. वर्ग हसला. मीही हसलो.

मी पेठ तालुक्यातल्या डोंगरातलाच.

नाशिकात भरतीच्या परीक्षांची तयारी करून घेणारा क्लास. तिथं अकरा वर्षं मी गणित शिकवत होतो. नोकरीच्या अर्जावर पत्ता नाशिकचा दिला. आईचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचो. आमची बोली कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून.

आम्ही जिला हसलो, ती मुलगी पेठकडचीच. आईबापांबरोबर दिंडोरीला द्राक्षांच्या हंगामात कामाला जाणारी. क्लासात वर्षभर फुकट शिकायची एकच जागा होती. त्यासाठी परीक्षा झाली. पेपर मी तपासले. ती एका गुणानं हुकली. दोन गुणांचा एक प्रश्न तिचा चुकीचा धरला होता. एक ते शंभर आकडे लिहिताना नऊ किती वेळा लिहावा लागतो? तिनं लिहिलं, वीस. संचालकांच्या उत्तरतालिकेत एकोणीस.

ती पेपर घेऊन आली. घाबरली नव्हती.

“सर, आमी क्रेटवर नंबर टाकतो. पत्र्यात आकडा कापलेला असतो, तो ठेवायचा नि वरून रंग मारायचा. नव्व्याण्णवला नऊचा पत्रा दोनदा ठेवावा लागतो. तुमी एकदाच धरला.”

त्यावर संचालकांचं ते झाडांचं वाक्य. मग माझ्याकडे वळून, “काय सर, तुम्ही सांगा हिला.”

मला तपासतानाच कळलं होतं. नऊ, एकोणीस, एकोणतीस असे एककाचे दहा. नव्वदपासून नव्व्याण्णवपर्यंत दशकाचे दहा. वीसच. तरी लाल पेनानं फुली मारलेली. माझ्या हातानं.

“तालिकेत एकोणीस आहे,” मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. असं बोलायला मी अकरा वर्षांत चांगलाच शिकलो होतो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. पेपरची घडी घातली आणि गेली.

यंदा परीक्षेसाठी तोच पेपर आला, तीच तालिका. परीक्षा झाल्यावर मी भरल्या वर्गात तो प्रश्न सोडवला. फळ्यावर लिहिलं, वीस. संचालक दारात उभे होते.

“अहो सर, एकोणीस. पुसा ते.”

“नव्व्याण्णवला दोनदा येतो. मागच्या वर्षी त्या मुलीनं सांगितलं होतं.”

“ती पेठवाली? तुमची कोण लागते हो ती?”

डस्टर हातातच होता. तो टेबलावर ठेवला.

“मीही पेठचाच. ती बरोबर होती. फुली मी मारली, माहीत असून.”

कुणी हसलं नाही. संचालकांनी स्वतः येऊन वीस पुसला. मी पुन्हा लिहिला. मग ते म्हणाले, “उद्यापासून येऊ नका.”

ठीक आहे.

तिची जागा गेली, ती गेलीच. वर्ष परत येत नाही. ती यंदाही दिंडोरीत क्रेटवर नंबर टाकतेय, एवढं कळलंय. रविवारी जाणार आहे. माफी मागणार नाही. माफी मागितली की माफ करण्याचं ओझं तिच्यावरच. तिच्याकडे तो पेपर असेल, तर मागून घेईन. नसेल, तर कोऱ्या कागदावर लिहून देईन. तिच्या आईबापांसमोर, सगळ्या मजुरांसमोर. उत्तर बरोबर, गुण दोन, चूक तपासणाऱ्याची.

खाली माझी सही. सहीखाली माझं गाव.