ताईचा पिवळा लॅपटॉप

त्या सकाळी साडेदहाच्या सुमारास ताईचा फोन आला तेव्हा मी नंदनवनच्या माझ्या गॅरेजमध्ये एका व्हॅनचं दार घासत होतो. रंगाच्या आधी घासावं लागतं. फोन उचलून 'बोल ताई' म्हणालो. पलीकडून काहीच नाही. पुन्हा हाक मारली, तरी काही नाही... 'ताई, तुझा आवाज येऊन नाही राहिला, मी लावतो मंग,' असं म्हणून फोन ठेवला आणि कामाला लागलो. दुपारी भाचीचा, रसिकाचा फोन आला. ताई प्रतापनगरच्या घरी, लॅपटॉपसमोर खुर्चीतच गेली होती. सकाळीच केव्हातरी हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. याला पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत ताईसाठी मी जितका रडलो त्याहून जास्त वेळ त्या मुक्या फोनचा विचार करण्यात गेला, हे कबूल करतो.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सगळी हयात टायपिंगच्या क्लासात मुलींना शिकवण्यात गेली, त्यामुळे कीबोर्ड तिच्या बोटांना पाठ होता. काचबिंदूने नजर नेली तरी लॅपटॉप तिने सोडला नाही. नात्यागोत्यात सगळ्यांना त्यावरूनच फोन लावायची. दिसत होतं ते एवढंच, भडक रंग आणि दिवा. काळा लॅपटॉप टेबलावर तिला सापडायचाच नाही, दोनदा कोपराने खाली पाडला. मग एक दिवस तो पिशवीत घालून, रसिकाचा हात धरून ती गॅरेजमध्ये हजर. "याले स्कूल व्हॅनवानी पिवळा करून दे."

मला घामच फुटला. कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर आवाज कमी-जास्त करायची, माईक बंद करायची वगैरे बटणं होती. सपाट, बोटाला न जाणवणारी. प्रत्येकावर तिळाएवढं चिन्ह, आतून उजळणारं. त्यावर रंग बसला की ताईसाठी ती पट्टी संपली. "ताई, हा लॅपटॉप आहे, गाडी नाही," मी म्हणालो.

"गाड्यांचे काच झाकून रोज रंग मारून राहिला ना गा तू? मंग हे एवढुसे दिवे झाकाले काहून घाबरतं?"

घाबरलोच होतो. दोन दिवस तो लॅपटॉप मी नुसता उघडून बघत बसलो. बंद केला की चिन्हं दिसतच नसत, नुसती काळी पट्टी. शेवटी तो चालू ठेवला आणि उजळलेल्या एकेका चिन्हावर सुईच्या टोकाने पंक्चरच्या सोल्युशनचा थेंब ठेवला. थेंब वाळल्यावर बंद करून पिवळा फवारा मारला. रंग सुकला तसे थेंब नखाने सोलले, लॅपटॉप चालू केला, आणि सगळे दिवे लागले. ताईने नाक पट्टीला टेकवून पाहिलं. तरी मी तिसऱ्यांदा विचारलं, नीट दिसतंय ना? "तुले काळजी कराची नोकरी लागली आहे काय गा?" म्हणाली आणि हसली. वर्षभर तिने तो वापरला, एकदाही तक्रार केली नाही.

तेरवी झाल्यावर ताईचे फोटो काढायला रसिकाने लॅपटॉप उघडला. मी सहज पट्टीवर बोट फिरवलं आणि पडद्यावर अक्षरं आली, माईक बंद. पट्टीवर मात्र माईकचा दिवा कुठेच नाही. माईकचा दिवा माईक बंद असतानाच लागतो. मी थेंब ठेवले तेव्हा तो लागलेला नव्हता, म्हणून मला तो कळलाच नाही आणि त्याच्यावर रंग बसला. म्हणजे त्या सकाळी ताईचं बोट चुकून तिथे पडलं असणार. ती मदतीला हाका मारत असेल आणि मला काही ऐकू येत नसेल... माझ्या रंगामुळे. आठवडाभर मला जेवण गेलं नाही. शेवटी रसिकाला सांगून टाकलं.

तिने लॅपटॉप माझ्यापुढे ओढला. मग म्हणाली, "मामा, आईले माहीत होतं ते. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मले म्हणे, विजूले सांगू नको, तो अख्खा रंग काढन अन् पुन्हा मारत बसन." तिने माझं बोट धरून पट्टीवर ठेवलं. तिथे डिंकाचा वाळलेला थेंब होता, पारदर्शक, डोळ्यांना न दिसणारा. ताईने तो मुद्दाम लावून घेतला होता, बोट तिथे आलं की कळावं म्हणून. "आईचं बोट तिथं कधीच नाही पडलं मामा," रसिका म्हणाली. मला धीर द्यायलाच म्हणाली बिचारी.

म्हणजे माईक चालू होता. मी हाक मारत होतो आणि ताईला बोलता येत नव्हतं, आणि मी फोन ठेवला.

लॅपटॉप आता माझ्याकडेच आहे, रसिकाने दिला. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी मी तो उघडतो, त्या थेंबावर बोट ठेवून बसतो. रंगाची चूक असती तर मला ती खरवडून काढता आली असती.