लॉक नसलेला टॉर्च

दुकानदाराने माझ्या हातातला टॉर्च काढून घेतला आणि काउंटरखाली ठेवून दिला.

"ये आपको नहीं दूँगा, काका."

भर दुपारी, गोंदियाच्या बाजारात, चार गिऱ्हाइकांदेखत! राइस मिलमध्ये फिटर म्हणून माझे केस पांढरे झाले होते. अवजार कोणते घ्यावे, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते.

आमच्या मिलच्या बॉयलरवर प्रेशर गेज होता, म्हणजे वाफेचा दाब दाखवणारे घड्याळ. त्याला जाणारी तांब्याची नळी जोडावर गळत होती. गेजशिवाय बॉयलर पेटवता येत नाही, आणि बॉयलरशिवाय धान वाफवता येत नाही. सगळी मिल खोळंबली होती. जोडाला ब्रेझिंग हवे होते. म्हणजे जोड तापवून त्यात दुसरा धातू वितळवून भरायचा. जुना केरोसीनचा ब्लो लॅम्प निकामी झालेला. म्हणून शेठजींनी मला हातात धरायचा गॅस टॉर्च आणायला पाठवले होते. गॅसचा लहान डबा, वर नळी. घोडा दाबला की निळी ज्योत निघते.

मला लॉकवाला हवा होता. लॉक लावला की बोट उचलले तरी तो जळत राहतो.

"कहाँ चलाओगे?" दुकानदार हरीशभाईंनी विचारले.

"मिलमध्ये. शिडीवर."

"नीचे क्या रहता है?"

"कोंडा. बारदाना."

"तो बिना लॉकवाला लो. उँगली छूटी, आग बुझी."

"बोट दुखेल त्याने."

"दुखने दो."

मी भांडलो आणि रागाने बाहेर पडलो. पुढच्या दुकानात टॉर्च नव्हता, एवढ्याच कारणाने परतलो आणि बिनलॉकचा घेतला. "काकांनी विचार करूनच तो निवडला," असे शेठजी आजही पाहुण्यांना सांगतात. ते साफ चूक आहे.

कामाच्या वेळी मिल थांबवली, खालचा कोंडा झाडला, पाणी मारले, बादल्या भरून ठेवल्या. बारदान्याची, म्हणजे रिकाम्या पोत्यांची, थप्पी भिंतीशी, बरीच लांब होती. तिच्या आडोशाला मिलमधल्या कामकरी बायका जेवणाचे डबे उघडून बसल्या होत्या.

जोड लाल होऊ लागला आणि शिडीचा पाय सरकला. मी कोपरावर आदळलो. टॉर्च हातातून उडाला आणि थेट त्या पोत्यांत, बायकांच्या पायांशी जाऊन पडला.

"टॉर्च पाहा! टॉर्च!" मी ओरडलो.

त्यांतल्या कौशल्याबाईंनी वाकून पाहिले. "हे? हे तं विझून हाये, काका. काऊन वरडून राहिले? हात-पाय मोडले का तुमचे?"

टॉर्चचे तोंड तापलेले होते. एका पोत्यावर काळा डाग पडला. बाईंनी त्यावर तांब्याभर पाणी ओतले. तेवढेच नुकसान.

माझा जोडीदार टेंभरे सांगतो की, पडता पडता मी चपळाईने गॅस बंद केला. माझ्या निवृत्तीच्या सत्कारातही त्याने हेच भाषण ठोकले. पडणारा माणूस गॅस बंद करत नाही. तो हाताला लागेल ते धरू पाहतो. मीही हवाच धरत होतो. आणखी काही जण म्हणतात, डब्यातला गॅसच संपला होता. तेही खोटे. शिडी दोराने बांधून, चहा घेऊन, मी त्याच डब्याने तोच जोड पूर्ण केला. बॉयलर पेटला, गेजचा काटा वर चढला, एक थेंब गळला नाही.

त्या बायका संध्याकाळी चालत घरी गेल्या. याचे श्रेय माझ्या चपळाईला देणाऱ्यांशी मी मरेपर्यंत भांडेन.

पुढच्या बाजाराला मी हरीशभाईंपुढे हात जोडून उभा राहिलो आणि सर्व सांगितले.

"उँगली दुखी?"

"दुखली."

"फिर ठीक है."

नवे फिटर मला विचारतात, टॉर्च कोणता घ्यावा. ज्योत किती मोठी, हे मागाहून पाहा. हातातून सुटला तर काय होते, ते आधी विचारा. आणि जाणता दुकानदार नाही म्हणाला, तर दुसऱ्या दुकानात जाऊ नका. मी गेलो होतो. तिथे माल नव्हता, याबद्दल त्या दुकानदाराचेही आभार.