आईच्या खोलीचा थर्मोस्टॅट

थंडीत घराचं हीटिंग पहिल्यांदा सुरू केलं की पाइपांवरच्या तापलेल्या धुळीचा वास येतो आणि मला शॉमबर्ग या अमेरिकी गावातल्या आमच्या घरातली एक शनिवारची दुपार आठवते. आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती, पण वरच्या मजल्यावरची तिची खोली काही केल्या गरम होईना, आणि दोन-दोन स्वेटर घालून ती म्हणू लागली, "माझं परतीचं तिकीट अलीकडचं कर बाबा." म्हणून मी वरच्या मजल्यासाठी उष्णता कमी-जास्त करणारा वेगळा थर्मोस्टॅट लावला आणि बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या गरम पाण्याच्या वर जाणाऱ्या पाइपावर वेगळा व्हॉल्व्ह बसवून घेतला. व्हिडिओ बघत वायरी जोडल्या, वरचा थर्मोस्टॅट वाढवला, तर तापलं खालचं स्वयंपाकघर! बायको ओरडली, "अरे, इथे भट्टी झालीय!" मी बेसमेंटमध्ये डोकं धरून बसलो, तेवढ्यात आई जिना उतरून आली. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरी जोडण्यात गेली होती. "आधी मेन स्विच बंद कर आणि टॉर्च धर," ती म्हणाली. एकेका वायरीवरून बोट फिरवत ती गेली आणि खुदकन हसली. "दोन्ही मजल्यांच्या वायरींची अदलाबदल केलीस की रे!" तिनेच त्या सोडवून नीट जोडल्या. स्विच लावताच व्हॉल्व्ह घुरघुरत उघडला, आम्ही तिघं वर धावलो आणि तिच्या खिडकीखालचा पाइप हाताला गरम लागल्यावर चक्क टाळ्या वाजवल्या. आई पूर्ण सहा महिने राहिली. त्या मुक्कामात मी तिला नायगारा दाखवला, न्यूयॉर्क दाखवलं. पण आज वाटतं, ती सगळ्यात खुलली होती ती त्या दुपारी, हातात स्क्रूड्रायव्हर असताना.